आगमनकाळातील उपासनेची तयारी : आपले अनुभव

नाताळचा कंदील, गोठा आणि फराळ यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. परंतु आगमनकाळाची, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांची, उपासना ज्यांच्या हातून उभी राहते, त्या बायबलचे उतारे वाचणाऱ्या वाचकांविषयी, गायकांविषयी आणि वेदी सजवणाऱ्यांविषयी फारसे वाचायला मिळत नाही. आपण या तयारीत काय केले आणि त्यात काय अडले, ते येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मीच करतो.

वसईतील आमच्या धर्मग्रामात (एका चर्चच्या कॅथलिक मंडळीत) मी वेदी सजवणाऱ्या गटात आहे. या काळात वस्त्रे जांभळी असतात, फुले बेताची ठेवतात आणि ‘ग्लोरिया’ हे देवाच्या गौरवाचे स्तोत्र गायले जात नाही. ‘आलेलुया’ हा स्तुतीचा घोष मात्र सुरू राहतो. हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या असतात आणि दर रविवारी एक वाढत जाते; तिसऱ्या रविवारी गुलाबी मेणबत्ती पेटते. २०२३ साली नाताळ सोमवारी आल्याने आगमनकाळ अवघ्या २२ दिवसांचा झाला आणि चौथा रविवार नेमका २४ डिसेंबरला आला. सकाळच्या मिस्सेला (मुख्य उपासनेला) जांभळे कापड आणि त्याच रात्री पांढरी वस्त्रे, फुले, गव्हाणीत येशूबाळ, हा सगळा बदल मधल्या काही तासांत करायचा होता. फुले शनिवारीच लावून टाकावीत, असे आमच्यापैकी बहुतेकांचे म्हणणे होते, आणि खरे सांगायचे तर माझेही होते. फादरांनी शांतपणे सांगितले की चौथ्या रविवारचाही मान राखला पाहिजे. त्या दुपारी कोणीही घरी जेवायला गेले नाही. पण सकाळी जवळजवळ रिकाम्या वेदीसमोर चौथी मेणबत्ती पेटताना पाहिली तेव्हा फादरांचे म्हणणे मला मनापासून पटले.

त्यावर आलेले अनुभव असे.

अहिल्यानगरहून : आमची मंडळी प्रॉटेस्टंट आहे आणि येथे रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या पदांची परंपरा घराघरांत आहे. पेटी मी वाजवते. पहिल्याच रविवारपासून नाताळची गाणी हवीत, असा तरुणांचा दरवर्षी आग्रह असतो आणि त्यांचा उत्साह मला मोडवत नाही. तरीही गेली तीन वर्षे आम्ही पहिले दोन रविवार केवळ प्रतीक्षेची पदे घेतो, तीही संथ लयीत, टाळ न वाजवता. पहिल्या वर्षी कुरकुर झाली; गेल्या वर्षी त्याच मुलांनी एका पदाला स्वतः चाल लावून आणली.

नागपूरहून : उत्तर भारतातील सहा वेगवेगळ्या चर्च-संघटना एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना आमच्याच शहरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाली आणि तो आगमनकाळाचा पहिला रविवार होता. त्यामुळे त्या रविवारच्या उपासनेत आम्ही ऐक्यासाठी वेगळी प्रार्थना लिहितो. ती कोणी लिहायची हे आधीच्या महिन्यात ठरते. यंदा हे काम माझ्याकडे आले आहे.

पुण्याहून : मी वाचक आहे. बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा चाळिसावा अध्याय घाईने वाचला तर दऱ्या भरून येण्याचे आणि डोंगर सपाट होण्याचे चित्र ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभेच राहत नाही. म्हणून मी आठवडाभर रोज एकदा तो मोठ्याने वाचते आणि कुठे थांबायचे त्या जागी पेन्सिलीने खूण करते.

ठाण्याहून : आई दोन वर्षे अंथरुणाला खिळलेली आहे आणि तिला चर्चमध्ये नेता येत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीस मी तिच्या खिडकीत ताटलीत नाचणी पेरतो, जेणेकरून नाताळपर्यंत गोठ्यासाठी हिरवळ तयार होईल. पाणी किती घालायचे ते तीच सांगते. शनिवारी संध्याकाळी तिच्या पलंगाशेजारी लहान हिरवे कडे ठेवून आम्ही दुसऱ्या दिवशीची वाचने वाचतो, आणि उपासनेनंतर चर्चमधील सेवक तिच्यासाठी ख्रिस्तप्रसाद (उपासनेत दिली जाणारी पवित्र भाकर) घेऊन येतात. तिचे हात थरथरतात, म्हणून मेणबत्ती मीच लावत असे. गेल्या वर्षी चौथ्या शनिवारी तिने काडेपेटी मागून घेतली. तीन काड्या वाया गेल्या, चौथी पेटली.