खांदेरीचं दीपगृह बघायला वडिलांना नेता येईल का?

मीनाक्षी_ठाणे
नमस्कार मंडळी, बाबा ७१ वर्षांचे आहेत, सगळी नोकरी मुंबई गोदीत झाली. बोटीवरच्या लोकांच्या तोंडून अलिबागजवळच्या खांदेरी बेटाच्या दिव्याचं नाव इतकी वर्षं ऐकलं पण बेटावर पाय ठेवायचा योग काही आला नाही. आता डिसेंबरात न्यायचं मनात आहे. गुडघे दुखतात, जिना चढतात पण हळूहळू. होडी कुठून मिळते, बेटावर चढ किती आहे, दीपगृहात वर सोडतात का? कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

गडवेडा_सचिन
ताई, नक्की न्या. मी दोनदा गेलोय. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने किंवा गेटवेवरून लाँचने मांडवा, तिथून रस्त्याने थळ. थळला कोळी बांधवांची होडी ठरवायची, ती सीटवर नाही तर पूर्ण होडीवर मिळते म्हणून आठदहा जण जमवलेत तर परवडतं. बेटावर दोन टेकड्या आहेत, मधल्या खोलगट भागात धक्का आहे, तिथे उतरायचं, दीपगृह मोठ्या टेकडीवर. वाट बांधलेली आहे, बाबा थांबत थांबत आरामात जातील. मनोऱ्यात वर सोडणं तिथल्या कर्मचाऱ्यांवर असतं, आधी विचारा आणि नाही म्हणाले तर हट्ट करू नका, दीपगृहाच्या पायथ्यापासूनही शेजारचं उंदेरी बेट आणि थळचा किनारा मस्त दिसतो.

आणि एक मनापासून सांगतो, फक्त दिवा बघून परत फिरू नका. दीपगृह १८६७ चं, इंग्रजांनी बांधलेलं, पण ते उभं आहे ते महाराजांच्या किल्ल्यात. १६७९ च्या भर पावसाळ्यात महाराजांच्या आरमाराचे सरदार मायनाक भंडारींनी इथे काम सुरू केलं, मुंबईच्या तोंडावर किल्ला होतोय म्हटल्यावर इंग्रजांनी गलबतं पाठवली, ऑक्टोबरात लढाई झाली आणि त्यांची डोव्ह नावाची गुराब, म्हणजे शिडाचं लढाऊ जहाज, आपल्या लोकांनी धरली. तटाबाहेर मोठमोठे दगड नुसते टाकून ठेवलेत, त्यावर कालवं धरलीत, इतकी धारदार की माझ्या सँडलचा तळ कापला गेला. शत्रूला उतरताच येऊ नये म्हणून केलेली ही सोय आजही काम करतेय. चाकांच्या लोखंडी गाड्यावरची तोफ बघाच, आणि तो वाजणारा दगड पण. छोट्या दगडाने ठोकलं की भांड्यासारखा टण्ण आवाज येतो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले जे १२ किल्ले गेले त्यात खांदेरी आहे.

थळचा_दर्या
ताई, मी थळचाच. सचिनदादांनी सगळं बरोबर सांगितलंय, फक्त पाण्याचं राहिलं आणि तुमच्या बाबांसाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. ओहोटीला होडी किनाऱ्याला लागत नाही, मग गुडघाभर पाण्यातून आणि चिखलातून चालावं लागतं, आणि तिकडे धक्क्यावर पण होडी खाली जाते, पायरी उंच पडते. म्हणून आमची जुनी रीत, तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ येते. द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे साधारण नऊला भरती. साडेसातला निघा, अकराच्या आत परत या. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा वयस्कर माणसाला आणू नका, दशमी-एकादशीच्या सुमारास भांगाचं पाणी, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, शांत असतं. होडीत चढताना दोघांनी हात द्या, लाट वर आली की पाय टाकायचा, घाई करायची नाही.

धक्क्यावरून आधी वेताळाच्या देवळात जा. आमचा देव आहे तो, नवीन होडी घेतली की पहिली तिकडेच जाते. नारळ घेऊन या, बेटावर दुकान नाही, पिण्याचं पाणी पण इकडूनच न्या.

मीनाक्षी_ठाणे
दोघांचे खूप खूप आभार. बाबांना वाचून दाखवलं, पाऊणपटीचा हिशोब त्यांना माहीत होता, लगेच कॅलेंडर काढून बसले. उंदेरी पण त्याच फेरीत होईल का?

थळचा_दर्या
बाबांना घेऊन नको ताई. उंदेरीला धड धक्का नाही, खडकावर उडी मारून उतरावं लागतं. होडीवाल्याला सांगा, जवळून चक्कर मारेल, तट चांगला दिसतो. आणि परत आल्यावर बाबांना कोळीवाड्यात घरी घेऊन या, माझे आजोबा पण गोदीत मासळी घेऊन जायचे, दोघं बोलत बसतील.