मदत हवी आहे: अ‍ॅल्युमिनियमच्या चिप्स न वितळवता रॉड काढतोय, फोड येताहेत

राजेहो, हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. सीएनसी मशीनवर ६०६१ या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचं काम, त्यामुळे चिप्सची पोती साचतात. 'टर्निंग आहे, तेलकट आहे' म्हणत भंगारवाला भाव पाडतो. त्याचंही अगदीच चुकत नाही म्हणा, पातळ चिप्स भट्टीत टाकल्या की बराच माल जळून ड्रॉसमध्ये, म्हणजे वरच्या मळीत जातो.

म्हणून वितळवायचंच नाही. कल्पना जुनी आहे, मॅक्स स्टर्नचं अमेरिकी पेटंट १९४५ चं. चिप्स थंडच दाबून बिलेट (घट्ट ठोकळा) करायचं, ४८० अंशांना तापवायचं आणि डायमधून, म्हणजे साच्याच्या भोकातून ढकलायचं. ६०६१ वितळायला लागतं ५८० च्या आसपास, म्हणजे सगळा कारभार घन अवस्थेतच.

प्रेस १०० टनी, बिलेट ठेवायचा कंटेनर ६० मिमी, रॉड २० मिमी, म्हणजे रेशो (दोन्हींच्या क्षेत्रफळांचं प्रमाण) ९. चिप्स साबणाच्या गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवतो (नागपुरात त्याला काय तोटा!).

रॉड निघतो. सुरुवातीचा वीतभर भाग पापुद्र्यांचा, पुढे चकचकीत, पण अंगावर मुगाएवढे फोड. हॅकसॉने कापला की मधोमध बारीक काळी रेघ, आणि वाकवला की नेमका तिथेच उकलतो. कुलंट (मशीनवर कापताना सोडतो ते तेलकट पाणी) राहतंय की रेशो कमी पडतोय? १२ मिमीची डाय केली तर प्रेसला झेपेल? फिरत्या डायचं फ्रिक्शन एक्स्ट्रूजन मात्र सुचवू नका, तेवढं बजेट नाही.

प्रतिसाद: भाऊ, हे दोन वेगळे आजार आहेत. फोड गॅसचे. उन्हाने पाणी जातं, कुलंटचं तेल नाही. ते बिलेटमध्ये कोंडलं की ४८० ला फुगणारच. दाबायच्या आधी सैल चिप्स साडेतीनशेच्या आसपास भाजा, धूर थांबेपर्यंत. भुगा आधी चाळून काढा, तो पेटतो.

रेघ चिप्सवरच्या ऑक्साइडची. तो थर २००० अंशांनाही वितळत नाही, घासून फाडावाच लागतो, तेव्हा आतला ताजा धातू एकमेकाला धरतो. रॉडच्या मध्यभागी हे घासणं सगळ्यात कमी. १२ मिमीने रेशो २५ होईल, तेच करा. ६० मिमीवर १०० टन म्हणजे साधारण ३५० एमपीए दाब, झेपायला हवं. बिलेट आखूड ठेवा आणि कंटेनरही तापवा, नाहीतर बिलेट आतच गार होतं. वाडीला जेएनएआरडीडीसी हे अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्र आहे, तुकडा मायक्रोस्कोपखाली पाहता येईल का, विचारून बघा.

धागाकर्ता: धन्यवाद दादा. आमचा ओव्हन २५० च्या वर जात नाही. तेवढ्यावर जास्त वेळ ठेवलं तर चालेल का, की आधी सॉल्व्हंटने धुऊ?