अनुभव धागा : ब्रुकलिन डॉजर्स, १९५५ – तुम्ही कुणाकडून ऐकलंत?

१९४१, ४७, ४९, ५२, ५३. पाचही वेळा बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमध्ये (दोन लीगच्या विजेत्यांची अंतिम मालिका, आधी चार सामने जिंकेल तो विजेता) डॉजर्सची न्यूयॉर्कच्याच यांकीजकडून हार. 'पुढच्या वर्षी बघू' हे ब्रुकलिनचं पालुपद. १९५५ला एकदाचं ते पुढचं वर्ष उजाडलं. अमेरिकेतल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो मोसम जगलेलं कुणीतरी भेटलं असेल. लिहा. नुसते आकडे नकोत, ते कुठेही मिळतात.

क्वीन्समधून
आमचे घरमालक तेव्हा शाळेत होते. पहिले दहा सामने सलग जिंकले, मग २४ पैकी २२, तरी त्यांच्या घरात कुणी पेढे वाटले नाहीत. वडिलांचं एकच: "यांकीज अजून यायचेत." ८ सप्टेंबरलाच लीग खिशात घातली, तरी तेच. वर्ल्ड सिरीजचे पहिले दोन सामने गेल्यावर तर वडील चक्क निवांत झाले म्हणे. आता सगळं ओळखीचं होतं ना!

न्यू जर्सीहून
मी पक्का क्रिकेटवाला. ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली फिरवत मला सातवा सामना समजावला, तेव्हा हा खेळ डोक्यात शिरला. ४ ऑक्टोबर, यांकी स्टेडियम, डॉजर्स २-० पुढे. सहाव्या इनिंगमध्ये सेकंड बेसवाल्या झिमरच्या जागी दुसरा बॅटर पाठवला. म्हणून लेफ्ट फील्डचा (मैदानाच्या डाव्या टोकाचा) गिलियम सेकंड बेसवर आला आणि लेफ्टला आला सँडी अमोरोस. लगेच यांकीजचे दोघे बेसवर, बाद कुणी नाही, समोर योगी बेरा. तो डावखुरा, चेंडू उजवीकडे ओढणारा, त्यामुळे फील्डर तिकडे सरकलेले. त्याने नेमका डाव्या रेषेकडे उडवला. अमोरोस जिवाच्या आकांताने धावला आणि हात लांबवून झेल घेतला. तोही डावखुरा, म्हणजे ग्लव्ह उजव्या हातात, रेषेच्या बाजूला. गिलियमचा ग्लव्ह डाव्या हातात असायचा, त्याला हा झेल बहुधा मिळालाच नसता. तिथून चेंडू रीसकडे, रीसकडून फर्स्ट बेसवरच्या हॉजेसकडे, आणि पळत सुटलेला मॅकडुगल्डही बाद (झेल झाला की धावणाऱ्याला आपल्या बेसवर परतावं लागतं, त्याआधीच चेंडू पोचला). डॉजर्सचा पिचर (गोलंदाज) पॉड्रेसने शेवटपर्यंत एकही धाव दिली नाही. बदली खेळाडूचं नशीब म्हणायचं की मॅनेजर ऑल्स्टनची अक्कल? मी पहिल्याच्या बाजूने.

ब्राँक्समधून (हो, यांकीजवाली!)
आमच्या सोसायटीतले आजोबा पहिल्या सामन्याचं काढलं की अजून तापतात. डॉजर्सच्या जॅकी रॉबिन्सनने होम चोरलं (चेंडू मारला गेला नसताना शेवटच्या बेसपर्यंत धावून धाव घेतली), अंपायर म्हणाला सेफ, यांकीजचा कॅचर (यष्टिरक्षकासारखा) बेरा थयथयाट करत राहिला. बेरा २०१५ला गेला, तोवर "आउटच होता" यावरून हलला नाही. फोटो मीही पाहिलाय. काही कळत नाही. सामना आम्हीच जिंकलो, हे मात्र डॉजर्सवाले सांगत नाहीत.

लॉस एंजेलिसमधून
इकडे १९५५चं कौतुक बेताचंच. डॉजर्स नंतर इकडे आले, त्यामुळे इथल्यांची गोष्ट त्यांच्या इथल्या पहिल्या विजेतेपदापासून, म्हणजे १९५९पासून सुरू होते.

ब्रुकलिनमधून
डॉजर्सचं मैदान एबेट्स फील्ड १९६०मध्ये पाडलं, आता तिथे उंच इमारती आहेत. भेटेल तो म्हातारा म्हणतो, "मी तिथेच असायचो." जरा हिशेब करा: मैदान सुमारे ३२ हजारांचं, आणि त्या विजयी वर्षातही घरचे प्रेक्षक दहा लाखांच्या थोडे वर. ७७ सामन्यांत वाटा, सरासरी अर्धंही भरत नव्हतं. मग १९५७नंतर संघमालक ओमॅलीने संघ लॉस एंजेलिसला उचलून नेला, तर शिव्या एकट्या त्यालाच का?

क्वीन्समधून
अहो, घरचे सामने टीव्हीवर दिसायचे की! आमच्या घरमालकांच्या वडिलांनी मुद्दाम सेट घेतला होता. फुकट दिसतंय म्हटल्यावर तिकीट कोण काढतो?