मदत हवी आहे: सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी आरसीसीसाठी वापरलंय का कुणी?

नमस्कार मंडळी,

काँक्रीट मिसळायला पिण्याचं पाणी ओतणं मनाला पटत नाही. घनमीटरमागे साधारण १५० ते २०० लिटर जातं, वर क्युरिंगचं (काँक्रीट ओलं ठेवायचं) वेगळंच. म्हणून सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून गाळून, क्लोरिन देऊन आलेलं पाणी वापरायचा विचार आहे.

ट्रायल मिक्स (चाचणीचं मिश्रण) घेतलं. पाणी काचेसारखं स्वच्छ, वासही नाही. पण मिक्सरमध्ये कडेला बारीक फेस धरला आणि साध्या पाण्याच्या मिक्सपेक्षा सेट व्हायला पाऊण तास जास्त लागला. एएसटीएम सी १६०२ (काँक्रीटच्या पाण्याचं अमेरिकन मानक) प्रमाणे दीड तासापर्यंतचा उशीर चालतो आणि ७ दिवसांची ताकद तुलनेच्या मिक्सच्या किमान ९० टक्के हवी. तेवढी येईल असं वाटतं. फेस मात्र खटकतोय. साबणाचा अंश उरला असेल तर हवा अडकून ताकद घटेल, नाही का?

खरी काळजी सळईची आहे. ताकदीच्या चाचणीत काँक्रीटचे क्यूब चांगल्या भारावर फुटले म्हणून गंज लागणार नाही असं थोडंच आहे? त्याच मानकात सळईच्या काँक्रीटसाठी मिश्रणाच्या पाण्यात क्लोराइड १००० पीपीएमच्या (दहा लाखात इतके भाग) आत सांगितलंय, प्रीस्ट्रेस्डला (ताण दिलेल्या तारांच्या काँक्रीटला) ५००. पण केंद्राचं पाणी रोज सारखं नसतं. मग क्लोराइड, सल्फेट किती वेळा तपासता? प्रत्येक टँकरला की आठवड्याला?

सुपरप्लास्टिसायझरचा (कमी पाण्यात काँक्रीट प्रवाही ठेवणारं रसायन) डोस बदलावा लागला का? आणि क्युरिंगला हेच पाणी मारताना कामगारांच्या अंगावर उडतं, तर जंतूंची तपासणी कोणती करून घेता?

प्रत्यक्ष वापरलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. स्लॅबला हात घालण्याआधी हे नक्की करायचंय.