सुशीलकुमार शिंद्यांचा हिशेब सोलापूर चुकीच्या वहीत मांडतंय का?

सातरस्ता_कट्टा
काल पार्क चौकात चहा घेताना परत तेच ऐकलं, "एवढी पदं भोगली, सोलापूरला काय दिलं?" मला हा प्रश्नच पटत नाही. इथल्या कोर्टात पट्टेवाला म्हणून लागलेला मुलगा फौजदार झाला, १९७४ ला करमाळ्याच्या पोटनिवडणुकीतून आमदार, मग राज्याचा अर्थमंत्री, २००३ ला मुख्यमंत्री, पुढं आंध्रचे राज्यपाल, २००६ पासून केंद्रात ऊर्जा आणि २०१२ ला गृहमंत्री. १९९८ आणि १९९९ ला आपला लोकसभा मतदारसंघ राखीव नव्हता, हेही विसरू नका. खुल्या जागेवरून दलित माणूस दोनदा निवडून आला. असा माणूस गटारी बघत बसणार का? ते नगरसेवकाचं काम. मंत्र्याला खातं कसं चालवलं ते विचारा.

चादर_टॉवेल
बरं, खात्यावरच बोलू. ३० आणि ३१ जुलै २०१२, लागोपाठ दोन दिवस ग्रीड, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या लाइनींचं जाळं, कोसळलं. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व, ईशान्य सगळं अंधारात. आणि त्याच ३१ तारखेला साहेबांना गृहखातं! कारखान्यात एक चादर डागी निघाली तर मालक मजुरी कापतो बे. इथं बढती.

सातरस्ता_कट्टा
काय बोलालास बे. राज्यं वाट्यापेक्षा जास्त वीज ओढत होती, लाइनींवर आधीच जादा भार. मंत्र्याच्या टेबलावर बटण असतं का?

चादर_टॉवेल
मग श्रेय घेताना बटण कुठनं येतं?

विजापूर_वेस
एक गोष्ट राहिली. त्या दिवशी दक्षिण भारत वाचला, कारण दक्षिणेचं ग्रीड तेव्हा बाकी देशाशी एका तालात जोडलेलंच नव्हतं. ते जोडलं गेलं ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइननं. शिवाय एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प आहे, आणि ते मुख्यमंत्री असताना २००४ ला आलेलं विद्यापीठ, तेही एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी. हे काहीच नाही म्हणणं अन्याय आहे. पण खरं सांगू? वीज देशाला गेली, आणि आमची पोरं डिग्री घेऊन सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला.

विडीघरकुल
माझी आई विड्या वळायची. मला आडम मास्तर आठवतात. माकपचे, कधी मंत्री झाले नाहीत. कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरं त्यांनी मागं लागून उभी करून घेतली. नंतर रे नगर ही कामगारांची वसाहत. जानेवारी २०२४ ला तिथं पंधरा हजार घरांच्या किल्ल्या मिळाल्या. मोर्चे काढून एवढं होतं, तर मंत्रिमंडळात बसून किती व्हायला पाहिजे होतं?

सातरस्ता_कट्टा
ताई, पैसा केंद्राचा आणि राज्याचाच ना?

विडीघरकुल
पैसा सरकारचाच. मागं लागणारा माणूस लागतो, तेवढंच म्हणते मी.

जुनी_मिल
तुम्ही सगळे सोलापूरचा हिशेब मांडताय. मला त्या माणसाचाच हिशेब विचित्र वाटतो. २००२ ला पक्षानं शेखावतांच्या विरोधात उपराष्ट्रपतिपदाला उभं केलं, हार ठरलेलीच. २००४ ची विधानसभा त्यांच्या मुख्यमंत्रिपदाखाली जिंकली आणि खुर्ची परत विलासरावांना. हे हैदराबादच्या राजभवनात. एकदाही चिडले नाहीत. लोक याला निष्ठा म्हणतात. माझ्या मते त्या हसतमुखपणाचा पक्षानं फायदा घेतला. जो स्वतःसाठी भांडत नाही तो गावासाठी दिल्लीत काय भांडणार? आपणही कमी नाही म्हणा. ते मुख्यमंत्री असताना लोकसभेला त्यांच्या पत्नी उज्ज्वलाताईंना पाडलं. २०१४ ला तर देशाचा गृहमंत्री दीड लाखाच्या आसपास मतांनी घरी बसवला.

चादर_टॉवेल
ती मोदी लाट होती. पण २०१९ ला परत पाडलं, ते काय? नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावाला रायचूरची लाइन सांगून मत मिळत नसतं.

सातरस्ता_कट्टा
पाणी महापालिकेचं की रे! आणि २०२४ ला त्याच घरातल्या प्रणितीताईंना निवडून दिलं ना? तू कुणाला टाकलंस?

चादर_टॉवेल
ते सांगत नसतो. आज आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस आहे, भरून येतो.