कॅरोल किंगच्या 'टॅपेस्ट्री'चं एवढं मोठेपण कशात आहे?

प्रश्न: १९७१चा हा अल्बम सध्या ऐकतेय. गाणी जीव लावतात, पण यानं नेमकं बदललं काय?

उत्तर: कॅरोल ही अमेरिकन गायिका, पण आधी ती इतरांसाठी गाणी लिहायची. 'विल यू लव्ह मी टुमॉरो' १९६०मध्ये शिरेल्स या मुलींच्या गटानं गायलं, चांगल्या ठेक्यात. इथे तेच ती स्वतः पियानोवर संथ गाते, मागे जोनी मिचेल आणि जेम्स टेलर या गायकांचे आवाज. अल्लड मुलीचा प्रश्न एकदम पोळलेल्या बाईचा होतो. मला दर वेळी भरून येतं!

दुसरं उत्तर: अमेरिकेत १५ आठवडे पहिला क्रमांक, शिवाय सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी. कव्हरवर ती स्वतः खिडकीशी अनवाणी, शेजारी मांजर. नटणं-मुरडणं नाही, तरी खपला.

प्रश्नकर्ती: शिरेल्सचं आधी ऐकू का?

उत्तर: हो, लागोपाठ ऐक.