ट्रंपेटसाठी कडक पेटी घ्यावी की मऊ बॅग? (नाशिकरोड)

जेलरोडची_आई

नमस्कार. माझी लेक नववीत आहे, शाळेच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवते. ट्रंपेट तिच्या आजोबांचा. माझे सासरे फौजेच्या बँडमध्ये होते. निवृत्त झाल्यावर घरी वाजवायला म्हणून त्यांनी हा मेरठहून आणवला होता. ते गेले त्याला येत्या जूनमध्ये दोन वर्षं होतील. मूळ लाकडी पेटी गावच्या घरी वाळवीने खाल्ली, आतल्या लाल मखमलीचा तुकडा तेवढा हाती लागला. ट्रंपेट कपाटात होता म्हणून वाचला.

तेव्हापासून लेक तो साध्या सॅकमध्ये न्यायची. मीच टॉवेलात गुंडाळून द्यायचे. गेल्या महिन्यात बिटको चौकाच्या अलीकडे स्पीडब्रेकरवर, स्कूटरच्या पायाशी ठेवलेली सॅक घसरून रस्त्यावर पडली. बेलच्या, म्हणजे पुढच्या पसरट तोंडाच्या, कडेला पोचा आला तो लगेच दिसला. पण घरी येऊन वाजवायला घेतला तर मधली कळ दाबली की खालीच राहायची, वर येईना. लेक त्या रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या नाशकात भांडी बाजारात गेले. आमच्या ओळखीचे तांबट आहेत, माझ्या लग्नातला बंब त्यांच्याकडचा. त्यांनी ट्रंपेट दोन्ही हातांत घेतला, उजेडाकडे धरून बेलच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, हा पत्रा माझ्या हातोडीचा नाही. मी मठारला तर ताणला जाईल आणि सूर बदलेल. वाद्यवाल्याकडेच न्या." पैसे घेतले नाहीत, चहा पाजून पाठवलं. आता तो दुरुस्तीसाठी मुंबईला गेलाय.

तो परत यायच्या आत पेटीची सोय करायची आहे. एक ऑनलाइन मागवून पाहिली. माप ५३ सेंटीमीटर लिहिलं होतं, पण ते बाहेरून निघालं. आत ट्रंपेट तिरका बसत होता. परत केली. बजेट चार हजारांपर्यंत. कडक पेटी लेकीला जड होईल का? मऊ बॅगेत वाद्य खरंच सुरक्षित राहतं का? ती कधी माझ्यामागे स्कूटरवर असते, कधी रिक्षाने जाते. जाणकारांनी सांगावं.

पंचवटी_बँड

ताई, आमचं घरचं बँड पथक आहे, तिसरी पिढी. सीझनला आमची वाद्यं टेम्पोत जातात. खाली ढोल, त्यावर बेस, त्यावर ट्रंपेट, आणि सगळ्यांवर दोन पोरं बसलेली. तिथे मऊ बॅग एक मुहूर्तसुद्धा टिकत नाही. आमच्याकडे प्लायच्या पेट्या आहेत, वरून रेक्झिन, कोपऱ्यांना पत्रा. जड आहेत, पण वीस-वीस वर्षं चालल्यात.

तुमच्या मुलीला एवढं वजन नको. ती वाद्य स्वतःच्या खांद्यावर नेणार, कोणी वर बसणार नाही. जाड अस्तराची बॅग घ्या, पाठीवर लावायचे दोन पट्टे असलेली. पायाशी मात्र परत कधीच ठेवू नका.

देवळाली_कॅम्प

जेलरोडच्या ताई, तुमच्या सासऱ्यांसारखाच मीही बँडमधला. पचमढीला संगीत शिकलो, चोवीस वर्षं नोकरी केली. आधी युफोनियम, नंतर ट्रंपेट. तुमची पोस्ट वाचली आणि काल रात्री उठून माझी पेटी उघडून बसलो. जरा सविस्तर लिहितो.

कडक की मऊ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की आत वाद्य हलतं का? पेटी कितीही कडक असू द्या, आत बोटभर जागा मोकळी राहिली तर प्रत्येक खड्ड्याला ट्रंपेट भिंतीवर आपटतो. बाहेर एक ओरखडा नसतो आणि आत पोचा असतो. तुमची ऑनलाइन पेटी परत केलीत ते फार बरं झालं. तिरका बसलेला ट्रंपेट म्हणजे सगळा भार बेलच्या कडेवर. बेलचा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो.

मधलीच कळ का अडकली ते सांगतो, म्हणजे पेटीत काय बघायचं ते आपोआप कळेल. ट्रंपेटला तीन पिस्टन, म्हणजे कळ दाबली की नळकांड्यात खाली-वर होणारे दांडे. पिस्टन आणि त्याच्या घराच्या भिंतीत केसाच्या जाडीहूनही कमी जागा असते, त्यात तेलाचा पापुद्रा. दुसऱ्या पिस्टनची जी छोटी वळलेली स्लाइड (ओढून काढता येणारी नळी) आहे, ती बाजूला बाहेर आलेली असते. वाद्य त्या बाजूवर पडलं की मार स्लाइडवर बसतो, स्लाइड घराची भिंत आत ढकलते आणि पिस्टन जाम होतो. डोळ्यांना काही दिसतसुद्धा नाही. म्हणून आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं: ट्रंपेट कुठेही आडवा ठेवा, दुसरी स्लाइड आकाशाकडे. पेटीतही तसाच. आणि झाकण लावल्यावर त्या स्लाइडला वरून काहीही टेकता कामा नये. झाकणाखाली स्वरांचं पुस्तक कोंबून बळेच खटके लावणारी मुलं मी खूप पाहिली. त्यांची दुसरी कळ वर्षभरात दुखते.

चांगली पेटी वाद्याला भक्कम जागी धरते. पिस्टनचा ठोकळा आणि मागचं वळण यांना मिठी मारल्यासारखी पकड हवी. बेलच्या नळीला खालून आधार हवा, पण बेलची कड अधांतरी हवी, चारही बाजूंनी बोटभर लांब. दुकानात गेलात तर पेटी बंद करून कानाजवळ धरा आणि हलवा. काही वाजलं तर घेऊ नका. मग उभी करून हलवा, मग आडवी.

माउथपीससाठी, म्हणजे ओठाला लावायच्या सुट्या तुकड्यासाठी, वेगळं भोक किंवा खण हवाच. तो भरीव पितळेचा असतो. पेटीत सुटा फिरला तर हातोडीचं काम करतो. माझ्या पहिल्या ट्रंपेटला जे तीन पोचे होते, तिन्ही माउथपीसचे होते. आणि तो ट्रंपेटला लावलेला ठेवून पेटी बंद करू नका. धक्का बसला की आत रुतून बसतो, मग लोक पक्कड घेऊन पिळतात आणि पुढची नळी वाकडी करतात. रुतला तर त्याचं वेगळं ओढायचं साधन असतं, वाद्यवाल्याकडे मिळेल.

आता तुमचा प्रश्न. ट्रंपेट स्वतः किलोभराच्या आसपास. पूर्ण कडक पेटी त्याच्यासकट साडेतीन-चार किलो होते, शाळेचं दप्तर वेगळं. मऊ बॅग हलकी, पण रिक्षात शेजारच्याचं कोपर लागलं तरी ते आत पोचतं. मधला प्रकार मिळतो: आत दाबलेल्या घट्ट फोमचा साचा, बाहेरून जाड कापड, चेन आणि पाठीचे पट्टे. शाळकरी मुलीला तोच घ्या. मात्र अंगठ्याने बाजू जोरात दाबून बघा. अंगठा रुतला तर ती नुसती बॅग आहे, पेटी नव्हे.

अजून एक, माझ्या स्वतःच्या हातून झालेलं. जानेवारीत पहाटे परेडची तालीम, अंधार, बोटं गारठलेली. मी पेटी उलटी ठेवली आणि खटके उघडले. दोन्ही बाजू सारख्याच दिसणाऱ्या पेट्या होत्या. पेटी उचलली आणि ट्रंपेट सिमेंटवर. तो आवाज अजून कानात आहे. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक पेटीच्या झाकणावर पांढरी पट्टी असते. उचलायच्या आधी दोन्ही खटक्यांवरून हात फिरवायचा, हे लेकीला आत्ताच शिकवा.

अंबड_पॅकिंग

मी अंबडला एमआयडीसीत पॅकिंगचं काम करतो, गाड्यांचे सुटे भाग परदेशी जातात त्यांचं. वाद्यातलं कळत नाही, फोममधलं कळतं. काकांनी घट्ट फोम म्हटलं त्यात थोडी भर.

गादीत असतो तो मऊ फोम पेटीत वापरू नका. पहिल्या दिवशी छान वाटतो, पण रोज त्याच जागी वजन पडलं की दबून राहतो आणि मग मोकळी जागा तयार होते. दमट हवेत काही वर्षांनी त्याचा चिकट भुगा होतो. तो भुगा पिस्टनमध्ये गेला तर काय होईल ते काका सांगतील. आम्ही ईपीई फोम वापरतो, बंद छिद्रांचा. पाणी शोषत नाही, दाबला तर परत येतो. २५ मिलिमीटर जाडीचे शीट मिळतात.

घरीही करता येतं. जाड पुठ्ठ्यावर ट्रंपेट ठेवा, पेन्सिल सरळ उभी धरून बाहेरची रेघ मारा, मग तो आकार फोमच्या थरांत कापत जा. बेल साधारण साडेबारा सेंटीमीटर रुंद, म्हणजे मधे पाच थर आणि खाली-वर एकेक अख्खा थर. पेटी आतून साडेसतरा-अठरा सेंटीमीटर खोल लागेल. लांबी ट्रंपेटची मोजा आणि दोन्ही टोकांना किमान अडीच-अडीच सेंटीमीटर धरा. रबरी गोंद वापरला तर पेटी चार-पाच दिवस उघडी ठेवा. वास पूर्ण गेल्याशिवाय आत काही ठेवू नका.

जेलरोडची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं उत्तर लेकीला वाचून दाखवलं. "दुसरी स्लाइड आकाशाकडे" हे आजोबाही म्हणायचे, असं ती म्हणाली. मला माहीतच नव्हतं.

आमच्या गल्लीतले सुतारकाका ६ मिलिमीटर प्लायची पेटी करून द्यायला तयार आहेत. अंबडच्या दादांचा फोम बसवला तर तयार पेटीपेक्षा स्वस्त पडेल आणि मापात बसेल. वजन किती होईल? आणि आत जुन्या मखमलीचा तुकडा लावू का? पावसाळ्यात ओल धरेल अशी भीती वाटते.

देवळाली_कॅम्प

प्लायची पेटी रिकामीच दोन-अडीच किलो होईल. रोज शाळेत न्यायला जड, पण घरी ठेवायला आणि गावी न्यायला उत्तम. वाळवीचं औषध लावलेलं प्लाय घ्या, तुमचा अनुभव आहेच. रोजच्यासाठी मधल्या प्रकारची बॅग चार हजारांच्या आत शोधा. बॅग आधी, पेटी नंतर.

मखमल जरूर लावा, फोम थेट पितळेवर घासण्यापेक्षा चांगली. ओल बाहेरच्या हवेपेक्षा वाद्याच्या आतूनच जास्त येते. वाजवताना श्वासाची वाफ नळीत पाणी होऊन साचते, आणि नाशिकच्या थंडीत तर फारच. तसाच ओला ट्रंपेट पेटीत बंद केला की मखमल कुबट होते आणि पितळेला आतून लागतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ओल आणि तोंडातली आम्लं मुरत राहिली की जस्त निघून जातं, तांबं उरतं, बाहेरून गुलाबी ठिपके दिसायला लागतात. ठिपका दिसला म्हणजे आतून बरंच झालेलं असतं, आणि त्यावर पॉलिश हा उपाय नाही.

म्हणून वाजवून झाल्यावर पाण्याची कळ दाबून फुंकायचं, सगळ्या स्लाइड काढून झटकायच्या, बाहेरून सुती फडक्याने हाताचा घाम पुसायचा, मगच पेटीत. पावसाळ्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या खणात टाका. घरी आल्यावर तासभर झाकण उघडं ठेवा. आणि एप्रिल-मेमध्ये पेटी उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, गोंद सुटतो.

पंचवटी_बँड

काकांचं पटलं. आमच्या पेट्यांत फोम नाहीच, नुसती गोधडी आहे. या रविवारी दोन पेट्या उघडून बघतो. दुसऱ्या कळेचं तर आमच्याकडे दर सीझनला होतं आणि आम्ही तेल बदलत बसायचो.

जेलरोडची_आई

सांगायला आले. ट्रंपेट परवा मुंबईहून आला. बेलच्या कडेवर बोट फिरवलं तर पोचा कुठे होता ते सापडत नाही, उजेडात तिरकं धरलं तरच पुसटशी लाट दिसते. मधली कळ दाबून सोडली की लगेच वर येते. लेकीने ती दहा-बारा वेळा दाबून पाहिली, मग वाजवायला घेतला.

बॅग मेन रोडला मिळाली, छत्तीसशे रुपयांना. दुकानात जाताना ट्रंपेट सोबत नेला होता. तीन बॅगांमध्ये बसवून, कानाजवळ धरून हलवल्या. पहिल्या दोन्हींत खुळखुळ आली. तिसरीत ट्रंपेट गप्प, पण काहीतरी हलत होतं. उघडून बघितलं तर खणातली तेलाची बाटली. ती रुमालात गुंडाळली, परत हलवली, आवाज बंद. दुकानदार शांतपणे बघत होते. मग त्यांनीच विचारलं की हे कोणी शिकवलं. मी देवळालीच्या काकांचं सांगितलं.

सुतारकाकांच्या पेटीचं काम दिवाळीनंतर. मखमल धुऊन सुकवून ठेवली आहे. पुरणार नाही, मधल्या ठोकळ्याच्या जागेपुरती होईल. काकांनी सांगितलेली झाकणाची पांढरी पट्टी लेकीने बॅगेवर आत्ताच शिवली. शनिवारी शाळेत तालीम आहे, ती बॅग पाठीवर लावून रिक्षाने जाणार.